ग्रँट कुठल्या कप्प्यात टाकायची? ट्रस्टच्या ग्रँट-डेस्कवर नवीन आलेल्यांसाठी

एखाद्या ट्रस्टमध्ये किंवा कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी करायचा सामाजिक कामांवरचा खर्च) फाउंडेशनमध्ये ग्रँटचं काम बघायला लागलात की पहिल्या आठवड्यातच एक एक्सेल शीट तुमच्या गळ्यात पडते. त्यात गेल्या आठ-दहा वर्षांत कुणाकुणाला पैसे दिले ते असतं आणि एक कॉलम असतो ‘कॅटेगरी’ नावाचा. मी लागले तेव्हा त्या कॉलममध्ये असं होतं: शिक्षण, महिला, ग्रामीण, स्कॉलरशिप, एज्युकेशन (हो, शिक्षण वेगळं आणि एज्युकेशन वेगळं), आदिवासी, बिल्डिंग, जनरल, आणि एका ठिकाणी चक्क ‘साहेबांनी सांगितलेलं’. मग एका मीटिंगमध्ये एका ट्रस्टीबाईंनी साधा प्रश्न विचारला, मुलींच्या शिक्षणावर गेल्या वर्षी आपले किती गेले? आम्ही तिघांनी तीन आकडे सांगितले, आणि तिघांचेही आकडे त्याच शीटमधून आलेले होते. एकीने शिक्षण फिल्टर केलं, एकाने महिला, मी दोन्ही मिळवून डोळ्यांनी वाचत बसले होते.

ही शीट नीट कशी लावायची ते मला कळलं तसं लिहितेय. मी ‘ग्रँट’च म्हणणार आहे, कारण आपल्याकडे ‘अनुदान’ म्हटलं की लोकांना सरकारी अनुदानित शाळाच आठवतात.

पायरी १: कॅटेगरीची यादी आत्ता करू नका

नवीन माणूस उत्साहात हेच पहिलं करतो, बसून वीस-पंचवीस छान नावं काढतो. थांबा. आधी एका कागदावर लिहा की हे आकडे तुम्हाला कोण कोण विचारतं आणि काय शब्दांत विचारतं. ट्रस्टी विचारतात ‘गडचिरोलीत आपलं काय चाललंय’, अकाउंट्सवाले विचारतात ‘यातलं सीएसआरच्या कुठल्या कलमात दाखवायचं’, ऑडिटर विचारतो ‘हे कॉर्पसला (म्हणजे संस्थेच्या कायम राखीव निधीला) दिलं की खर्चाला’, आणि बाहेरच्या संस्था विचारतात ‘तुम्ही दिव्यांगांच्या कामाला पैसे देता का’. दहा-बारा प्रश्न जमले की दिसतं की प्रश्न चारच प्रकारचे आहेत: कशासाठी, कोणासाठी, कुठे, आणि कसले पैसे. आमच्या शीटचा गोंधळ नेमका इथेच होता. शिक्षण हे ‘कशासाठी’, महिला हे ‘कोणासाठी’, ग्रामीण हे ‘कुठे’, आणि स्कॉलरशिप-बिल्डिंग हे ‘कसले पैसे’. चार प्रश्नांची उत्तरं एकाच ड्रॉपडाऊनमध्ये कोंबली होती, आणि भरणाऱ्याला एकच निवडायचं होतं, मग ज्याला जे आधी सुचलं ते त्याने टाकलं.

पायरी २: कायद्याचे कप्पे बाजूला काढा

बरेच जण म्हणतात कशाला डोकं चालवायचं, सरकारने यादी दिलीच आहे, तीच वापरू. पण ती यादी कशाची आहे ते जरा बघा.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, आणि त्याला जोडलेली सातवी अनुसूची. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे असतात, आणि ते सातव्या अनुसूचीतल्या कामांवरच. अनुसूचीत बारा बाबी आहेत. पहिलीत भूक, गरिबी, कुपोषण, आरोग्य, स्वच्छता आणि पिण्याचं पाणी असं सगळं एकत्र. दुसरीत शिक्षण, कौशल्यं आणि उपजीविका. म्हणजे तुम्ही एका गावात शाळेला वाचनाची पुस्तकं दिली आणि शेजारच्या गावात बायकांना शेळ्या दिल्या, तर दोन्ही दुसऱ्याच बाबीत! पुढे बघा, सहावी बाब माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांची, म्हणजे ‘कोणासाठी’. दहावी ग्रामीण विकास आणि अकरावी झोपडपट्टी विकास, म्हणजे जवळपास ‘कुठे’. आठवी तर पंतप्रधान मदत निधीसारख्या फंडांना दिलेले पैसे, म्हणजे ‘कोणाच्या हातात’. आमच्या शीटमध्ये जो घोळ होता तोच इथे राजपत्रात छापलेला आहे. त्यात सरकारचीही चूक नाही म्हणा, ती यादी कुठला खर्च चालेल हे सांगायला केलीय, तुमचं काम समजावून सांगायला नाही. २०१४ च्या जूनमध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने सर्क्युलरच काढलं होतं की या बाबींचा अर्थ उदारपणे लावा. उदार अर्थ म्हणजे दोन कंपन्या तेच काम दोन बाबींत दाखवू शकतात.

बाकीचे कायदेही तसेच. परदेशी पैसा घेत असाल तर एफसीआरएमध्ये पाचच खाने: सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक. आपल्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्यात (१९५० चा, धर्मादाय आयुक्तांचा) कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू म्हणजे गरिबी-संकटात मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकहितासाठी करमणुकीच्या सोयी, आणि शेवटी ‘सार्वजनिक उपयोगाचा इतर कोणताही हेतू’. हे शेवटचं वाक्य म्हणजे समुद्र आहे, त्यात काहीही मावतं.

तर करायचं काय, या प्रत्येकासाठी एकेक वेगळा कॉलम ठेवायचा, शीटच्या उजव्या टोकाला, आणि तो अकाउंट्सवाल्यांना विचारून भरायचा. ‘सातवी अनुसूची बाब क्र.’ असा सरळ कॉलम, त्यात १ ते १२ आकडा. तुमची स्वतःची वर्गवारी त्याच्यापासून पूर्ण वेगळी. दोन्ही एकात घातलं की काय होतं, मार्चमध्ये कुणीतरी कम्प्लायन्ससाठी ‘शिक्षण’चं ‘ग्रामीण विकास’ करतं आणि तुमचा पाच वर्षांचा ट्रेंड एका दुपारी मोडतो.

पायरी ३: दुसऱ्यांनी काय केलंय ते बघा, पण आख्खं उचलू नका

अमेरिकेत एनटीईई नावाची वर्गवारी आहे, १९८० च्या दशकात तिथल्या नॅशनल सेंटर फॉर चॅरिटेबल स्टॅटिस्टिक्सने केलेली. इंग्रजी अक्षरांप्रमाणे २६ गट, ए म्हणजे कला-संस्कृती, बी म्हणजे शिक्षण, ई म्हणजे आरोग्य, असं झेडपर्यंत, आणि झेड म्हणजे ‘माहीत नाही’. (तोही एक गट लागतोच, लाजू नका.) पण ही वर्गवारी संस्थांची आहे, ग्रँटची नाही. फरक मोठा आहे. एखाद्या हॉस्पिटलने स्टाफच्या मुलांसाठी पाळणाघर चालवायला तुमच्याकडून पैसे घेतले तर संस्था आरोग्यातली आणि ग्रँट बालसंगोपनातली. नवीन लोक संस्थेच्या नावावरून कॅटेगरी टाकतात, ‘अमुक शिक्षण प्रसारक मंडळ’ दिसलं की शिक्षण. प्रपोजल उघडून बघा, मंडळाने कदाचित विहीर मागितली असेल.

ग्रँटसाठी म्हणून केलेली वर्गवारी कॅन्डिडची आहे. १९५६ मध्ये सुरू झालेलं फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार २०१९ मध्ये एकत्र होऊन कॅन्डिड झालं. त्यांच्या वर्गवारीत विषय वेगळा, लाभार्थी समूह वेगळा, मदतीचा प्रकार वेगळा, संस्थेचा प्रकार वेगळा, प्रत्येकाची स्वतंत्र यादी. हे तत्त्व घ्या, शंभर टक्के घ्या. पण त्यांच्या याद्या जशाच्या तशा घेतल्यात तर त्या अमेरिकेतल्या प्रश्नांभोवती विणलेल्या आहेत, त्यात तुमचा ऊसतोड कामगार आणि तुमची आश्रमशाळा सहज सापडणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात डोळे उघडणारं वाटलं ते ब्रिटनचं ३६०गिव्हिंग. तिथल्या फाउंडेशन्सनी आपला ग्रँटचा डेटा एकाच साच्यात खुला टाकावा म्हणून केलेलं स्टँडर्ड. त्यात दहा गोष्टी सक्तीच्या: ग्रँटचा आयडी, नाव, वर्णन, चलन, मंजूर रक्कम, मंजुरीची तारीख, घेणाऱ्या संस्थेचा आयडी आणि नाव, देणाऱ्याचा आयडी आणि नाव. या दहात कॅटेगरी नाहीच! ती हवी तर टाका, नको तर नको. मी दोनदा वाचलं, वाटलं काहीतरी राहिलं माझं. पण विचार केला तर बरोबर आहे, कोणी कोणाला किती आणि कधी दिले हेच दोन शीट्समध्ये जुळत नसेल तर कॅटेगरी जुळवून काय करणार.

चौथी एक यादी ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या डॅक कमिटीची (ही परदेशी विकास-मदतीचा हिशेब ठेवते), पाच आकडी कोड. ११२२० म्हणजे प्राथमिक शिक्षण, त्यातले पहिले तीन आकडे ११२ म्हणजे मूलभूत शिक्षण. विदेशी एजन्सींसोबत काम करत असाल तर हे कोड कधीतरी मागितले जातात. तिथली उपयोगाची गोष्ट पुढे सांगते.

पायरी ४: आधी ओळखपत्रं

म्हणून कॅटेगरीच्या आधी हे. प्रत्येक ग्रँटला एक नंबर द्या आणि तो कधीही बदलू नका, हप्ते तीन असले तरी नंबर एकच. आमच्याकडे प्रत्येक हप्ता वेगळी ओळ होती, त्यामुळे ‘यंदा किती ग्रँट दिल्या’ याचं उत्तर नेहमी फुगलेलं. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगवेगळ्या कॉलममध्ये. तीन वर्षांची ग्रँट फेब्रुवारीत मंजूर झाली तर रिपोर्टमध्ये सगळी त्याच वर्षात धरायची की वाटून, हे एकदा ठरवा आणि लिहून ठेवा.

संस्थेची ओळख नावावर ठेवू नका. तीच संस्था ‘मंडळ’, ‘मंडळ ट्रस्ट’, ‘मं.’, इंग्रजी स्पेलिंगच्या तीन तऱ्हा अशी पाच जागी सापडते. पॅन घ्या, तो एकच असतो. सोबत नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलचा नंबर, आणि सीएसआरचा पैसा असेल तर सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेने भरायचा फॉर्म) चा नोंदणी क्रमांक. व्यक्तींना स्कॉलरशिप देत असाल तर मात्र त्यांची नावं आणि पॅन या शीटमध्ये नकोत, ही शीट उद्या कुणाकुणाकडे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही.

पायरी ५: ‘कुठे’ साठी कोड

संस्था नोंदलेली पुण्यात आणि काम नंदुरबारमधल्या अक्राणीत, हे इतकं कॉमन आहे की पत्त्यावरून जिल्हा काढलात तर नकाशात सगळा पैसा पुण्या-मुंबईत दिसतो. दोन कॉलम लागतात, ऑफिस कुठे आणि काम कुठे. आणि जिल्ह्याचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. जुन्या शीटमध्ये औरंगाबाद, नवीनमध्ये छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर. शिवाय पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या जव्हार-मोखाड्याच्या ग्रँट ठाण्याच्या नावावर असणार. केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, त्यात राज्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला कोड आहे. तालुक्यापर्यंत घ्या, पुरतं. एका ग्रँटमध्ये चार तालुके असतील तर चारही टाकायची सोय ठेवा, ‘अनेक’ असं लिहिलं की ते माहिती गमावल्यासारखंच.

पायरी ६: आता विषय, आणि त्याचे नियम

आता यादी करा. वरचे दहा-बारा विषय, प्रत्येकाखाली चार-सहा उपविषय, त्याहून जास्त नको. साठच्या वर गेलात की भरणारा माणूस वरचे पाचच वापरतो.

पण खरं काम यादीचं नाही, खरं काम सीमेवरच्या केसेसचं आहे. शाळेतलं जेवण हे शिक्षण की पोषण? सातव्या अनुसूचीत ते पहिल्या बाबीत, भूक-कुपोषणात सहज बसतं. डॅकमध्ये त्याला स्वतंत्र कोड आहे, ११२५०, आणि तो शिक्षणाखाली आहे. दोघंही शहाणे आहेत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत, म्हणजे ‘बरोबर’ उत्तर असं काही नाहीये, ठरवलेलं उत्तर आहे. पाणलोटाचं काम पर्यावरण की शेती की उपजीविका? बीड जिल्ह्यात ऊसतोडीला आईबाप गेले की मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात, ती शिक्षण की बालसंरक्षण की निवारा? आमच्या ऑफिसात यावर पाऊण तास वाद झालाय, आणि चहा दोनदा.

आम्ही तीन नियम लावले आणि तेव्हापासून वाद कमी झाले. पहिला, पैसा कशावर खर्च होतोय हे नाही बघायचं, कशासाठी होतोय ते बघायचं. हंगामी वसतिगृहात पैसा जातो धान्यावर आणि स्वयंपाकाच्या बाईंच्या पगारावर, पण हेतू हा की मुलाची शाळा सुटू नये, म्हणून शिक्षण. दुसरा, प्रपोजलमध्ये संस्था शेवटी कशाचा हिशेब देणार आहे ते बघायचं. पाणलोटवाले जर विहिरींची पाणीपातळी मोजणार असतील तर जलसंधारण, घरटी उत्पन्न मोजणार असतील तर उपजीविका. तिसरा, तरीही अडलं तर मुख्य विषय एकच, आणि दुय्यम विषयासाठी वेगळा कॉलम, पण रकमेची बेरीज फक्त मुख्य विषयावरच. नाहीतर एकच दहा लाख दोनदा मोजले जातात, आणि वार्षिक अहवालातली पाय-चार्टची बेरीज एकूण रकमेपेक्षा जास्त येते. मी असं झालेलं छापील अहवालात पाहिलंय.

आणि ती डॅकची उपयोगाची गोष्ट, मार्कर. स्त्री-पुरुष समानता हा विषय म्हणून न धरता त्यांनी प्रत्येक कामाला ०, १, २ असा आकडा दिला. शून्य म्हणजे हा हेतू नाही, एक म्हणजे महत्त्वाचा पण मुख्य नाही, दोन म्हणजे यासाठीच काम केलंय. आमच्या ट्रस्टीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी यातूनच निघालं. विषय शिक्षण, मार्कर २, बेरीज करा. विषय शिक्षण, मार्कर १, ती वेगळी बेरीज, ‘मुलींसहित’ म्हणून सांगा. दोन्ही खरी आणि दोन्ही वेगळी.

पायरी ७: ‘कोणासाठी’ आणि ‘कसले पैसे’

कोणासाठी या कॉलममध्ये एकापेक्षा जास्त टिक चालतात. समजा अक्राणी तालुक्यात आश्रमशाळेतल्या मुलींची सिकलसेल तपासणी: विषय आरोग्य, कोणासाठी मध्ये आदिवासी, मुली, शाळकरी वय अशा तीन टिका, ठिकाण अक्राणी, जिल्हा नंदुरबार. जुन्या शीटमध्ये हीच ग्रँट शिक्षण, महिला, आदिवासी, आरोग्य यातल्या कुठल्याही एका खान्यात जाऊन पडली असती. फक्त एक पथ्य, ‘सर्वसामान्य जनता’ हा पर्याय ठेवा आणि तो निवडला तर बाकी टिक बंद, नाहीतर उत्साही संस्था सगळंच टिक करून पाठवतात. आणि टिक तेव्हाच जेव्हा काम मुद्दाम त्या गटासाठी आखलंय, गावात बायकाही राहतात म्हणून रस्त्याला ‘महिला’ नाही.

कसले पैसे, हे पटकन: एका प्रकल्पासाठी, संस्थेच्या रोजच्या खर्चासाठी, इमारत-सामान, कॉर्पस, स्कॉलरशिप-फेलोशिप, आपत्तीतली मदत, संशोधन. हा कॉलम लोकांना कंटाळवाणा वाटतो पण संस्थांच्या पगाराला कोणीच पैसे देत नाही ही जी कायमची तक्रार आहे ती तुमच्या बाबतीत खरी की खोटी ते फक्त इथेच दिसतं.

पायरी ८: दोघांकडून भरून घ्या

यादी आणि नियम झाले की लगेच ईमेल करून मोकळे होऊ नका. जुन्या पन्नास ग्रँट घ्या, सोप्या-अवघड मिसळून. दोन माणसांना वेगवेगळं बसवा, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि भरायला सांगा. एक माणूस शक्यतो बाहेरचा, अकाउंट्समधला किंवा नवीन इंटर्न, कारण तुम्ही नियम लिहिलेत तुम्हाला ते न वाचताही कळतात. मग जुळवा. जिथे दोघांची उत्तरं वेगळी आली त्या ओळी म्हणजे सोनं. तिथे कोण चुकलं ते शोधू नका, कुठला नियम लिहायचा राहिला ते शोधा. आमच्या पहिल्या फेरीत ‘कौशल्यविकास’ आणि ‘उपजीविका’ इतक्या वेळा एकमेकांत गेले की आम्ही शेवटी नियम केला, प्रशिक्षण संपल्यावर सर्टिफिकेट मिळतं ते कौशल्य, धंद्याला भांडवल किंवा जनावर मिळतं ते उपजीविका. फार थोर व्याख्या नाही, पण दोन माणसं एकच उत्तर देतात.

पायरी ९: जुना डेटा

जुना ‘कॅटेगरी’ कॉलम पुसू नका. नाव बदलून ‘जुनी कॅटेगरी’ करा आणि लॉक करा. ‘शिक्षण म्हणजे नवीन कोड अमुक’ असं फॉर्म्युल्याने सरसकट बदलायचा मोह होतो, पण जुन्या ‘महिला’मध्ये बचत गट, बाळंतपण आणि शिवणयंत्रं सगळंच असतं, त्याचं एक उत्तर फॉर्म्युला देऊ शकत नाही. तीन वर्षं मागे हाताने जा, फाइल उघडून. त्याच्या मागचं तसंच राहू दे आणि रिपोर्टमध्ये सरळ लिहा की त्याआधीची वर्गवारी वेगळी होती.

पायरी १०: चालू ठेवणं

एक वही ठेवा, गूगल डॉक चालेल, त्यात प्रत्येक अडलेल्या केसचा निर्णय तारखेसकट दोन ओळींत. ‘इतर’ हा पर्याय हवाच, पण त्याच्या शेजारी ‘इतर म्हणजे काय’ हा कॉलम सक्तीचा करा. वर्षाअखेरी तोच वाचायचा, एकच गोष्ट पाच-सहा वेळा दिसली तर तिला स्वतःचा कोड द्या. कोड काढून टाकायचा असेल तर डिलीट नाही, ‘बंद’ असा शेरा, आणि तो आकडा पुन्हा दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. नवीन कोड १ एप्रिलपासूनच लागू, ऑक्टोबरमध्ये मधूनच नाही, नाहीतर एका आर्थिक वर्षात दोन हिशेब होतात आणि ते निस्तरायला मेच्या उन्हात तुम्हीच बसता. आमची बैठक मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात असते, दोन तास, अजेंडा फक्त ती वही. गेल्या वेळी हंगामी वसतिगृह पुन्हा निघालं होतं.